चिंतामणी रंगाचे बारा मासे

मासे टीपॉयवर येऊन बसले तेव्हा मी पोह्यांवर खोबरं पेरत होते. प्लास्टिकची फुगवलेली पिशवी, तोंडाला रबरबँड, आत पाणी आणि पाण्यात तीन मासे. लव्हेंडर रंगाचे. लव्हेंडर म्हणजे आपला फिका जांभळाच, पण फिका जांभळा म्हटलं की लग्न साधं वाटतं, म्हणून लव्हेंडर म्हणायचं, एवढं मला गेल्या दोन महिन्यांत शिकवून झालं होतं.

लग्न माझ्या नातीचं. पिशवी घेऊन आलेली मुलगी लग्नाची सगळी सजावट ठरवणारी. पूर्वी हे काम घरातल्या सहा बायका भांडत भांडत करायच्या, आता एकच मुलगी टॅब हातात धरून हसत हसत करते.

"आजी, हे सँपल आहे," ती म्हणाली. "प्रत्येक टेबलवर एक काचेचा बोल, आत दोन फिश, खाली पांढरे खडे. पडदे लव्हेंडर, नॅपकिन लव्हेंडर, फिश लव्हेंडर. एकदम थीममध्ये."

"आणि पाहुणे? त्यांना कधी बुडवणार रंगात?"

ती आणि तिच्या शेजारी बसलेली नात, दोघी हसल्या. माझ्या बोलण्याला आता सगळे हसतात. सत्तरी ओलांडली की टोमण्याला विनोद म्हणतात.

"अगं, आयडिया हिचीच आहे," नात त्या मुलीला म्हणाली आणि आतून जुना आल्बम घेऊन आली. तिला फोटो शोधावा लागला नाही, पान आपोआप उघडलं. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नातलं रुखवत. लांब टेबलावर साबुदाण्याचा मोर, पापडांचं तुळशीवृंदावन, साखरेच्या चौकोनांचा बंगला, आणि मधोमध काचेच्या हंडीत बारा मासे. हंडीमागे नणंद उभी, चिंतामणी रंगाच्या शालूत. मासेही चिंतामणी. फोटो इतका जुना झाला तरी शालूचा आणि माशांचा रंग एकाच थानातून कापल्यासारखा दिसतो.

"बघितलंस? तेव्हा ना इन्स्टाग्राम ना काही. आमची आजी म्हणजे आजी आहे."

मी खोबरं पेरत राहिले. पोह्यांना पुरून उरेल इतकं पडलं.

ते मासे मला दुकानात तसेच मिळाले, असं नातीला वाटत होतं. मी कधी तसं सांगितलं नव्हतं. तसं नाही, असंही सांगितलं नव्हतं. खरं असं आहे की तो रंग मी घातला. स्वतः, सुईने, याच उजव्या हाताने. आणि हिच्या लग्नात मेंदी याच उजव्या हाताने काढायची, हे ती पाच वर्षांची असल्यापासून ठरलेलं. "आजीसारखा हलका हात कोणाचा नाही," हे वाक्य ती मैत्रिणींना सांगत आली होती. आता मी गप्प बसले तर हॉलभर टेबलांवर सुया टोचलेले मासे फिरणार. बोलले तर तो हात तिच्या हातात राहणार की नाही, याची मला खात्री नव्हती.

पोहे दिले. पिशवीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. मासा मूळचा काचेसारखा. अंग पारदर्शक, आत कंगव्याच्या दातांसारखा काटा, पोटाशी चांदीच्या वर्खाची पुडी असावी तसं काहीतरी. देवाने सगळं उघडं ठेवलेलं, लपवायला काही नाही. त्या काचेत पाठीच्या कडेने आणि पोटाच्या कडेने जांभळी रेघ भरलेली. एका माशाची रेघ मधेच फुगून गळवासारखी वर आली होती आणि तिच्या टोकाला कापसाचा पुंजका असावा तशी पांढरी बुरशी. मासा हलला की पुंजका हलायचा. पोह्यांची बशी मी तशीच आत नेली.

आता त्या बाईबद्दल. म्हणजे छत्तीस वर्षांच्या माझ्याबद्दल.

त्या बाईला मॅचिंगचा रोग होता. साडीवर ब्लाउज सगळेच मॅच करतात. ही पिशवी, चपलेचा पट्टा, रुमाल, कपाळाची टिकली इथपर्यंत जायची. एकदा हिने दिवाणाच्या कव्हरवर जुळतं म्हणून दारातलं पायपुसणं बदललं. आमचे हे एकदा पेपरामागून म्हणाले, "मला एकदाच सांगून ठेव, मी कोणत्या रंगाचं होऊन बसायचं." ती बाई हसलीसुद्धा नाही. विचारात पडली असेल.

शिवाय ती ऑर्डरप्रमाणे रुखवतं करायची आणि मंगळवार-शुक्रवारी कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत क्लास घ्यायची. मुलीकडच्यांनी वरपक्षाला दाखवायला जो शोभेचा आणि खाण्याचा पसारा मांडायचा, तो सुबक कसा मांडावा, हे शिकायला बायका लांबून यायच्या. तांदूळ रंगव, शेवया रंगव, साबुदाणा रंगव. आमच्या घरात एक काचेची इंजेक्शनची सिरिंज होती, ती नारळावर साखरेचे बारीक ठिपके द्यायला. ठिपके एका रांगेत, मोजून घ्यावेत असे. ती बाई आरशासमोरून जाताना स्वतःच्या हाताकडे बघायची, चेहऱ्याकडे नाही. चेहऱ्याकडे न बघण्याचं दुसरंही कारण होतं म्हणा.

मग नणंदेचं लग्न ठरलं. सासर पेठेतलं, नाक मुरडण्यात वाकबगार. तिथे जाणारं रुखवत कसं व्हायला हवं! त्या बाईने आठ पदार्थ योजले, सहा वस्तू योजल्या, तरी मध्यभाग रिकामा दिसत होता. क्लासमधल्या एकीने सांगितलं की पेठेतल्या बोळात एक दुकान आहे, तिथे रंगीत मासे मिळतात, गुलाबी, हिरवे.

ती बाई दुसऱ्या दिवशी माशांच्या दुकानात गेली. शालूचा ब्लाउजपीस पर्समध्ये घेऊन.

हे मी आजही कोणाला सांगताना थांबते. बायका ब्लाउजपीस घेऊन अस्तरवाल्याकडे जातात, बांगडीवाल्याकडे जातात. ही माशाच्या टाकीवर कापड लावून उभी.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, इथे मासे मिळतात."

"मला याच्यावर मॅचिंग हवेत. बारा."

त्याने कापडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "निळ्यात आहेत."

"हा निळा नाही. चिंतामणी आहे."

"पाण्यात सारखाच दिसतो."

"तुम्हाला दिसत असेल. आणि रंग पक्का आहे ना? जाणार नाही ना?"

"पंधरा दिवस बघायला नको. मग थोडा उतरतो."

"म्हणजे हा रंग वरून दिलेला?"

"आतून," तो म्हणाला. त्याला अभिमान होता. "सुईने भरतो. एकेकाला."

इथे माणसाच्या जातीने एक पाऊल मागे सरकायला हवं होतं. ती बाई म्हणाली, "मग रंग मी तयार करून आणला तर?"

घरी येऊन तिने ओट्यावर वाट्या मांडल्या. खायचा निळा, त्यात खायचा हिरवा थेंबाथेंबाने, पापडाच्या तुकड्यावर लावून बघायचा, वाळला की ब्लाउजपीसशेजारी धरायचा. चौथ्या तुकड्याला जमलं. खायचा रंग, म्हणजे आपण खातो ना, मग त्यांना काय होणार! आम्ही मासे खात नाही. त्यामुळे जगातल्या समस्त माशांवर आमचे उपकारच आहेत, अशी आमच्या घरात साधारण समजूत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगाची बाटली घेऊन ती दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसली. एक टब, टबात बिनरंगाचे मासे, करंगळीच्या दोन पेरांएवढे. खोलीला शेवाळ आणि ओल्या गोणपाटाचा वास. दुकानदाराने पहिल्या माशाला सुई लावली आणि रंग भसकन पसरला, एका जागी डाग. दुसऱ्याचंही तेच. त्या बाईला ते बघवेना. माशाचं नव्हे, कामाचं. इतकं गबाळं काम!

"द्या इकडे," ती म्हणाली.

तळहातावर ओला कापूस, कापसावर मासा, अंगठ्याने अलगद दाबून धरायचा. दुधावरच्या घट्ट सायीला टोक लागावं तशी सुई आधी थोडी अडायची, मग आत जायची. सुई बारीक होती, पण त्या अंगाला ती बारीक नव्हती, आपल्या बरगडीत खराटा खुपसावा तशी होती. एका माशाला सहा टोचण्या, वर तीन, खाली तीन. दर टोचणीला तोंड उघडायचं आणि मिटायचं, आवाज नाही. हे मला आता आठवतं. त्या बाईने तोंडाकडे बघितलंच नव्हतं, ती रेघ सरळ येते का बघत होती.

रेघ सरळ आली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हात काय हलका आहे तुमचा." ती फुलून गेली. त्यानंतर ती मोजेना, करतच गेली. पाच मासे टबात सोडल्यावर आडवे झाले आणि वर आले. मग पाच आणखी केले. टेबलावर बारा मांडले, हाताखालून सतरा गेले. पाचांना दुकानदाराने चिमटीत धरून बादलीत टाकलं, आपण कढीपत्त्याची काडी टाकतो तसं.

दोन दिवस तिची बोटं निळी होती. लिंबू लावलं, शिकेकाई लावली, वास आणि रंग दोन्ही राहिले. बायकांनी विचारलं तर ती बोटं पसरून सांगायची, "रुखवताची घाई." त्या संध्याकाळी नातीच्या बापाला, म्हणजे चौदा वर्षांच्या माझ्या मुलाला, तिने त्याच बोटांनी गरम पोळ्या वाढल्या.

लग्नात वरमाय टेबलासमोर थांबल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बाई बाई, मासेसुद्धा!" त्या 'सुद्धा'वर ती बाई सहा महिने जगली.

रुखवत रीतीप्रमाणे वरपक्षाकडे गेलं, टेम्पोतून, हंडीवर ताटली झाकून. तीन दिवसांनी नणंद माहेरी आली आणि मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, पाणी निळं झालं आणि मासे पांढरे. तरंगत होते. सासूबाईंनी पूजेच्या आधी मला फेकायला लावले, हाताने. माझं तिथलं पहिलं काम." आणि रडायला लागली.

ती बाई काय म्हणाली असेल? तिने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याकडे कोणी पाणी बदललं नसेल गं."

त्यानंतर रुखवतात मासे ठेवले नाहीत. पश्चात्ताप वगैरे झाला असं लिहायला आवडलं असतं. क्लासमध्ये विचारलं तर मी म्हणायचे, "ते आता जुनं झालं." एवढंच की भिजलेला साबुदाणा अंगठ्याखाली दाबताना मधेच हात थांबायचा.

तर टीपॉयवर तीन मासे होते आणि मी एक युक्ती काढली. भित्र्या माणसाची युक्ती. आपण बोलायचं नाही, दुसऱ्याला बोलतं करायचं. मासे पुरवणाऱ्या सप्लायरकडे नातीला घेऊन जायचं, त्याच्या तोंडून आणि त्याच्या दारात तिला कळू दे. मासे वाचतील, मेंदीही वाचेल.

"मला रंग बघायचाय," मी नातीला म्हटलं. "हे तीन सारखे नाहीत. सगळ्या टेबलांवर एकसारखा हवा ना?"

"आजी ऑन ड्यूटी," नात म्हणाली आणि खूश झाली. तिच्या खुशीने मला मान खाली घालावीशी वाटली. घातली नाही. पर्स उघडली आणि तिच्या लग्नाच्या साडीच्या काठाचा तुकडा त्यात टाकला. हो, पुन्हा. नाटक करायचं तर पुरतं करावं.

शेड कात्रजच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. गाव कधीच शहरात आलेलं, शेताच्या जागी पत्र्याच्या शेडी आणि शेडींच्या मागे उंच इमारती. मालक चाळिशीचा, पांढरा शर्ट, तोंडात बडीशेप. त्याने आम्हाला खुर्च्या पुसून दिल्या.

"या आज्जी, बसा. च्या सांगू का? लग्नाची ऑर्डर तुमचीच का? लव्हेंडर सध्या लई चालतोय."

"रंग पक्का आहे ना?" मी विचारलं. छत्तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न, शब्दही तेच निघाले.

"येकदम. कलरची ग्यारंटी हाय आमची."

"कसा भरता ते दाखवा ना जरा. हिला बघायचंय."

मी 'हिला' म्हटलं. त्याने बिनदिक्कत आत नेलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं, आणि तेव्हा मला तरी कुठे वाटलं होतं.

आत सिमेंटची टाकी, टाकीशेजारी बाक, बाकावर दोन बायका चष्मे लावून बसलेल्या. पुढ्यात ओला स्पंज, वाटीत जांभळा रंग, हातात सिरिंज. खाली एक बादली. त्या बादलीत रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मोरीत उरतो तसा गुलाबी-हिरवा-जांभळा लगदा होता, आणि त्या लगद्याला डोळे होते. टाकीचं पाणी एका नळीतून मागच्या ओढ्यात जात होतं, ओढ्याच्या काठावर जांभळा फेस. वास असा की जिभेवर येऊन बसला.

आणि आता जे लिहायचंय ते या सगळ्यापेक्षा घाण आहे. त्या दोघींपैकी एक पस्तिशीची असेल. तिने मासा स्पंजवर ठेवला, अंगठ्याने धरला, सुई लावली. किळस यायच्या आधी माझ्या डोळ्यांनी एक गोष्ट टिपली, की हिची रेघ सरळ येतेय. मला तिचं काम आवडलं. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ, पण आवडलं.

"हे जिवंत आहेत?" नातीने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"जिवंतच लागतात, मॅडम. मेल्याला कलर धरत न्हाय."

"दुखत नाही त्यांना?"

"वरडतोय का त्यो?" मालक हसला, मग माझ्याकडे वळला. "आज्जी, तुम्ही खाता का मासं?"

"नाही."

"आम्ही खातो. पन खायच्या माशाला कुनी कलर मारत न्हाय बगा. ह्यो सगळा तुमच्यासारख्या लोकांचा माल."

तो तक्रार करत नव्हता, धंदा समजावून सांगत होता. नात बाहेर गेली आणि सुबाभळीच्या झाडाखाली वाकून सकाळचे पोहे ओकली. मी तिची पाठ चोळली. पर्समध्ये साडीचा तुकडा होता, तिने तोंड पुसायला मागितलं तेव्हा मी तोच दिला.

गाडीत बसल्या बसल्या तिने सजावटीच्या मुलीला फोन केला. "फिश कॅन्सल. नाही, दुसऱ्या रंगात पण नको. फुलं लाव, मेणबत्त्या लाव, काहीही लाव. एकही मासा नको." फोन ठेवला. माझं काम झालं होतं, तोंड न उघडता. मी सीटला मान टेकली.

ब्लाउज शिंप्याकडे तयार होता, तो घ्यायचा म्हणून आम्ही स्वारगेटवरून चाललो होतो. चौकात गाड्या तुंबल्या होत्या. नात सारखी बोलत होती.

"किती घाणेरडी माणसं असतात गं. ती बाई बघितलीस? मान पण वर केली नाही तिने. घरी मुलं असतील तिला, त्याच हाताने जेवायला वाढत असेल."

मी खिडकीबाहेर बघत होते.

"बरं झालं, तुझ्या वेळेला तुला हे माहीत नव्हतं. नुसते विकत आणलेस आणि ठेवलेस. तो फोटो मी मोठा करून घ्यायला टाकलाय माहितीये? रुखवताच्या टेबलावर लावणार आहे. खाली लिहिणार, आजीचं रुखवत."

सिग्नल हिरवा झाला, कोणी हललं नाही, पुन्हा लाल झाला.

"तिचा हात हलका होता," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"त्या बाईचा. पहिल्या दोन-तीन माशांना हात थरथरतो. मग नाही थरथरत."

तिला कळायला थोडा वेळ लागला. ती हुशार मुलगी आहे, फार वेळ नाही लागला. मागून बसवाल्याने हॉर्न धरला होता. तिने गाडी चार हात पुढे घेतली, हँडब्रेक ओढला.

"तू केलेस?"

"हो."

"दुकानदाराने करून दिले नाहीत?"

"त्याची रेघ वाकडी येत होती."

हे उत्तर मी द्यायला नको होतं, पण खरं तेच होतं.

"बाराच्या बारा?"

बारा म्हणून सुटता आलं असतं. फोटोत बाराच आहेत.

"सतरा," मी म्हटलं. "पाच तिथेच मेले. बाकीचे तुझ्या आत्याआजीच्या सासरी जाऊन."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मांडीवर ठेवलेल्या माझ्या हातांकडे बघितलं. मी ते पदराखाली घेतले, मग लाज वाटली आणि परत बाहेर काढले. मधे शिंप्याकडे उतरली, ब्लाउज घेतला, मागच्या सीटवर टाकला. एरवी आधी मला दाखवला असता, शिवण उलटी करून.

घरी टीपॉयवरची पिशवी तशीच होती. सजावटवाल्या मुलीने सांगितलं, सँपल परत घेत नाहीत. सुनेने सांगितलं, तो प्रकार माझ्या ओट्यावर नको. नातीने माझी लोणच्याची मोठी काचेची बरणी धुतली, पाणी एक दिवस उघडं ठेवलं, मग तीन मासे त्यात सोडले आणि बरणी माझ्या खोलीत, खिडकीपासून जरा लांब, माझ्या खुर्चीसमोर आणून ठेवली.

"हे तुझे," ती म्हणाली. बस.

पुंजकेवाला चौथ्या दिवशी गेला. उरलेल्या दोघांचं मी बघत होते. औषध आणलं, दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदललं. सकाळचा चहा त्यांच्यासमोर. कातडीखालचा जांभळा रंग एका जागी राहत नाही, तो सरकतो, पिशवीतल्या पाण्यासारखा शेपटीकडे जाऊन साचतो. आपल्या हाताने घातलेली गोष्ट आत कशी फिरते, हे त्या बाईला कधी बघावं लागलं नव्हतं.

मेंदीला बाहेरची बाई बोलावली. नात मला काही बोलली नाही, फक्त मेंदीच्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसली. त्या बाईचा हात जड होता, कोन जाड कापलेला, मनगटावरची वेल एकीकडे झुकलेली. हे मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे, सुनेला सांगितलं.

लग्नाला नणंद आली, साठीची झालेली, गुडघ्याला पट्टा बांधून. रुखवताच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "इथे फोटो लावणार होतीस ना माझा?" नातीने तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. मी दुरून बघत होते. वाटलं, आता हीसुद्धा गेली हातची. नणंद लंगडत माझ्याकडे आली.

"मला तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. "दुकानातल्या माशाची रेघ इतकी सरळ नसते. तुझ्या नारळावरचे ठिपके आणि ती रेघ, एकच हात. सासूबाई मला महिनाभर बोलत होत्या, तुमच्याकडचे जीव टिकत नाहीत म्हणून. आणि तू मला म्हणालीस, पाणी बदललं नसेल!"

"चुकलं माझं," मी म्हटलं. छत्तीस वर्षांनी.

"आता राहू दे. पंगत बसलीय, चल."

नात आता नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात असते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. पूर्वी कॉलेजच्या ट्रिपवरून फोन करायची तेव्हा पहिलं वाक्य असायचं, "आजी, जेवलीस का?" आता फोन उचलला की म्हणते, "दाखव." मी फोन बरणीकडे वळवते. ती बघते. मी गप्प बसते. मला एवढं गप्प बसता येतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

"रंग उतरला का गं थोडा?"

"एकाचा उतरलाय. पोटाजवळ काटा दिसतो आता."

"आणि दुसऱ्याचा?"

"दुसऱ्याचा शेपटीत साचलाय. तिरका पोहतो."

मग ती माझ्याबद्दल विचारते. कधी फोन ठेवायच्या आधी, कधी विसरून जाते आणि नंतर मेसेज करते.

गेल्या रविवारी मी पाणी बदलायला बसले होते, बाही वर खोचलेली, तेवढ्यात फोन आला. मी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि बरणीत हात घालणार, तोच ती म्हणाली, "थांब. हात धुतलेस का?"

"धुतले."

"साबण नाही ना लावला? साबण चालत नाही त्यांना."

"नाही. नुसत्या पाण्याने. तीनदा."

"दाखव."

मी दोन्ही हात फोनसमोर धरले, आधी तळवे, मग मागची बाजू. तिने बराच वेळ बघितले.

"घाल," ती म्हणाली.